जिला सांगायचं राहून गेलं

आमच्या शेजारच्या घरात नवराबायकोखेरीज आणखी एक बाई आहे, असा माझा बरीच वर्षं पक्का समज होता. पुरावा भिंतीचा. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची बाहेरची खोली यांच्यामधली भिंत इतकी पातळ, की पलीकडे कोणी जांभई दिली तर इकडे माझं तोंड उघडतं. दुपारी मी भाजी चिरायला बसले की पलीकडून पुरुषाचा आवाज यायचा. हळू, मऊ, अगदी आर्जवी. "बसा ना. घाबरू नका. आता मी सांगतो ते शांतपणे ऐका. यात चूक तुमची नव्हती." मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, "बसा ना."

आता तुम्हीच सांगा, लग्नाला इतकी वर्षं झालेला नवरा स्वतःच्या बायकोला 'बसा ना' म्हणेल? आणि 'चूक तुमची नव्हती' हे तर कालपरवा लग्न झालेलाही म्हणत नाही. शिवाय त्या वेळेला त्यांची बायको शाळेत गणित शिकवत असते, हे मला तिच्या मुख्याध्यापिकेपेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे ही दुसरीच कोणी. मी सुरी खाली ठेवून भिंतीला कान लावायचे. पण त्या दुसरीचा आवाज कधी म्हणजे कधी आला नाही. हसणं नाही, खोकणं नाही, बांगडीसुद्धा वाजली नाही. सुरुवातीला मला मजा वाटली. नंतर त्या गप्प बाईची मला भीती वाटायला लागली. बोलणारी असती तर आठवड्याभरात मी तिचं माहेर, सासर आणि रक्तगट शोधून काढला असता. न बोलणारीचं काय करायचं?

या गृहस्थांना सगळी इमारत उंदीरमास्तर म्हणते. ते कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, तेही प्रयोगवालं. प्रयोग म्हणजे पिंजऱ्यातले उंदीर, ही आमच्याकडची समजूत. ती पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे, नाही कशाला म्हणू? प्रत्यक्षात या माणसाने जन्मात उंदराला हात लावलेला नाही. एकदा त्यांच्या ओट्याखालून एक निघाला, तेव्हा मास्तर खुर्चीवर, त्यांची गणितबाई स्टुलावर आणि झाडू घेऊन जमिनीवर मी, असा देखावा होता.

त्यांचे प्रयोग माणसांवर. मलाही त्यांनी कितीदा तरी कॉलेजात नेऊन खुर्चीत बसवलंय. पडद्यावर ठिपका आला की बटण दाबा. 'निळा' हा शब्द लाल रंगात दिसला की रंग सांगा, शब्द वाचू नका. मी हमखास शब्द वाचायचे. "वहिनी, तुमच्यासारखी चुकणारी व्यक्ती मिळायला भाग्य लागतं," असं ते अगदी मनापासून म्हणायचे.

पण एक गोष्ट होती. प्रयोग संपला की ते दारात उभे राहायचे, दोन्ही हात चौकटीला लावून. प्रयोग कशासाठी होता, कुठे फसवलं, का फसवलं, हे सगळं ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांच्या धंद्यातला हा नियमच आहे म्हणे: माणसाला फसवलंत, तर तो उठून जायच्या आत त्याला खरं सांगायचं. नियम चांगला आहे. पण एकदा मी गॅसवर दूध ठेवून आले होते. "भावोजी, दूध जातंय हो उतू," मी म्हणतेय, आणि हे घामाघूम होऊन, "दोनच वाक्यं राहिलीत वहिनी, दोनच. ऐकून जा. न ऐकता जाऊ नका." डोळे असे, की जणू मी दाराबाहेर पाऊल टाकलं तर दरीत पडेन. मी ऐकलं. दुधाचं पातेलं घासून घासून माझी बोटं गेली.

आणि वर ती परिषद. प्रायोगिक मानसशास्त्राची दर वर्षी त्यांच्या कॉलेजात भरते. पाहुण्यांची सोय, शोधनिबंधांची निवड, कोणी कधी किती मिनिटं बोलायचं, कोणाच्या नावामागे काय लावायचं आणि ते राहिलं तर कोण रुसणार, असल्या कामातून बाकीचे प्राध्यापक अंग काढून घ्यायचे. हे मात्र दर वर्षी पुढे. त्या दिवसांत त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. सोफ्यावर कापडी पिशव्या, टीव्हीवर बिल्ल्यांच्या फिती, पोस्टरं टांगायचे चिमटे थेट देव्हाऱ्यापर्यंत.

"आमच्या लग्नाला याच्या निम्मी तयारी नव्हती," गणितबाई म्हणायची.

"म्हणजे पाहुणे कमी होते?"

"नाही गं. उत्साह."

खरी गंमत पुढे. इतकं सगळं करून मास्तर परिषदेत एकही निबंध ऐकायचे नाहीत. दोन्ही दिवस बाहेर नोंदणीच्या टेबलाशी बसून राहायचे. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने बिल्ला द्यायचे आणि बायकांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. त्यांच्या खात्यातल्याच एकाने मला चहाच्या वेळी हळूच सांगितलं होतं, "सरांना परिषद नकोय हो, त्यांना दार हवंय." मी ते वाक्य इमारतीत तीन मजले फिरवून आणलं. त्या दाराचं त्यांना काय करायचंय, हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

शेवटी न राहवून मी गणितबाईला भिंतीतल्या आवाजाबद्दल विचारलं. जरा लाजत, जरा चवीनं. मला वाटलं बाई पेटेल. ती उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुलाही ऐकू येतं होय? ती लग्नाच्या आधीपासून आहे. मी आले तेव्हा ती घरात होतीच."

मी कप खाली ठेवला. "कोण ती?"

"ह्यांनाच विचार. मी विचारणं केव्हाच सोडलं. माणूस मेला असला तर निदान त्याचा फोटो तरी लावता येतो. हिचं तेही नाही. ही कुठेतरी आहे."

विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. तेच आले. यंदा त्यांचं निवृत्तीचं वर्ष, त्यामुळे नव्या विभागप्रमुखांनी त्यांना व्यासपीठावर बसवायचं ठरवलेलं. म्हणजे दार सुटलं. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, हातात रिकामी कपबशी धरून ते म्हणाले, "वहिनी, या खेपेला नोंदणीला तुम्ही बसाल? तुमची नजर चांगली आहे."

"नजर चांगली नाही म्हणत भावोजी त्याला. भोचक म्हणतात. पण बसेन. कोणाला बघायचंय?"

त्यावर त्यांनी सांगितलं ते असं.

तरुण असताना, नुकतेच शिकवायला लागलेले असताना, ते एक प्रयोग करत होते. अपराधी वाटणारा माणूस मदतीला जास्त तयार होतो का, एवढंच बघायचं होतं. टेबलावर एक राखाडी लोखंडी यंत्र. त्याला दोन कळा, एक पिवळी, एक निळी. समोर दिवा लागेल तशी कळ दाबायची. "फक्त दोन्ही एकदम दाबू नका," असं मास्तर आधी बजावायचे, "माझं सगळं काम या यंत्रात साठवलेलं आहे." मग भरात आलेला माणूस पटापट कळा दाबायला लागला, की मास्तर टेबलाखाली पायाने एक खटका दाबायचे. यंत्र किंचाळायचं. दिवे जायचे. मास्तर डोकं धरून बसायचे. "गेलं. सगळं गेलं." तेवढ्यात त्यांचा एक मित्र आत येऊन त्या माणसाला विचारायचा, आमचं एक कंटाळवाणं काम आहे, जरा थांबाल का? तो थांबतो की नाही याची नोंद झाली की लगेच त्याला खरं सांगून टाकायचं. यंत्र धडधाकट आहे, तुम्ही काही मोडलं नाही, हे सगळं नाटक होतं. लोक हसायचे, शिव्या द्यायचे आणि घरी जायचे.

"मी अभिनय फार चांगला करायचो," मास्तर म्हणाले. "डोळ्यांत पाणी आणायचो."

आणि मग एक मुलगी आली. पहिल्या वर्षाची, वर्गातली सगळ्यात हुशार. यंत्र किंचाळलं, यांनी डोकं धरलं. तिने फक्त विचारलं, "सर, आता?" प्रयोगाच्या नियमाप्रमाणे तिथे यांनी गप्प बसायचं होतं. हे गप्प बसले. ती उठली आणि मित्र आत यायच्या आधीच दाराबाहेर पडली.

"मी उठेपर्यंत ती जिना उतरून गेली होती, वहिनी."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात नाही. तिसऱ्या दिवशी नाही. काही दिवसांनी हे तिच्या घरी गेले तर कुलूप. वडिलांची बदली झालेली. ती कॉलेजात परत आली नाही. प्रयोग मात्र छापून आला, त्याचं कौतुक झालं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: एका सहभागी व्यक्तीची माहिती वगळली आहे.

"एवढी हुशार मुलगी," ते म्हणाले, "आज ना उद्या या विषयात परत येणार. कुठेतरी शिकवत असेल. निबंध वाचायला येईल. आली की सांगायचं. म्हणून दर वर्षी... डावी भुवई मध्येच तुटलेली आहे तिची. लहानपणी पडली असेल. तेवढीच खूण."

मी एरवी अशा वेळी काहीतरी टोला हाणते. जिभेवर आला होताही, की भावोजी, सगळा कारभार भुवईसाठी होय. पण ते माझ्या भिंतीकडे बघत होते, आपल्याच घराच्या बाजूला, आणि त्यांचे ओठ आवाज न करता हलत होते. मी त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली.

त्या दिवसापासून तीच बाई मलाही दिसायला लागली. दवाखान्यात रांगेत पुढे उभी असलेली बाई मान वळवणार, इतक्यात मीच पुढे डोकावायचे. शिंप्याच्या दुकानात आरशात मागे कोणी उभी राहिली की मी आधी तिच्या भुवया बघायचे. मुलगा म्हणाला, "आई, तू लोकांकडे असं काय बघतेस?" त्याला काय सांगणार? एका बाईला एक निरोप द्यायचाय, आणि निरोप माझा नाही, बाई माझी नाही, तरी झोप माझी जातेय.

परिषदेच्या दिवशी मी चांगली इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी बसले. माझ्या गळ्यातही बिल्ला होता. त्यावर 'स्वागत समिती' असं लिहिलेलं. विद्वान मंडळी यायला लागली. एका गृहस्थांनी नावातली चूक दाखवून बिल्ला परत केला आणि दुसरा तयार होईपर्यंत माझ्यासमोर तक्रारीच्या मुद्रेनं उभे राहिले. एका बाईंना पिशवीचा रंग पसंत नव्हता. एक तरुण आपलं गुंडाळलेलं पोस्टर लेकरासारखं छातीशी धरून होता आणि त्याच्या ओठांना कंप सुटला होता. मी म्हटलं, "अरे, बोलून टाक. ऐकतंय कोण? सगळे जेवणाची वाट बघताहेत." तो जरा हसला. मी सगळ्यांशी बोलत होते, पण नजर भुवयांवर. जाड भुवया, कोरलेल्या भुवया, पेन्सिलीने काढलेल्या भुवया. तुटलेली एकही नाही.

व्यासपीठावरून मास्तर दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचे. मी मान हलवायचे. नाही. मग ते पुन्हा समोर बघायचे. हार घातलेला माणूस इतका उजाड दिसू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळचं सत्र सुरू झालं आणि मी पाय मोकळे करायला मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांची टेबलं मांडलेली असतात. डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे, डोक्यावर घालायच्या तारांच्या टोप्या. मला त्या टोपीत माझा फोटो काढून घ्यायचा होता, खरं सांगते. एका टेबलामागे कोणी दिसेना. खाली वाकून बघितलं, तर एक बाई गुडघ्यांवर बसून सॉकेट घट्ट करत होती. माझ्याहून थोडी लहान असेल. दातात पेचकस. तिने वर बघितलं.

डावी भुवई मधोमध कापल्यासारखी.

इतकी वर्षं भिंतीपलीकडे जी गप्प होती, ती समोर बसून दातातला पेचकस काढत होती.

"काही हवंय का ताई?"

"तुम्ही... निबंध वाचायला आलात?" तोंडाला येईल ते मी विचारलं.

ती हसली. "मी कसली निबंध वाचते? मी दुरुस्तीवाली. कंपनीबरोबर येते. दर वर्षी."

"दर वर्षी? मग नोंदणीला कशा कधी आला नाहीत?"

"सामान आणणाऱ्यांना मागच्या दाराने सोडतात. आम्हाला कुठला बिल्ला?"

बघा आता. माणसाने आयुष्य घालवलं पुढच्या दाराशी. हुशार मुलगी आहे म्हणजे निबंधच वाचणार, पुढूनच येणार, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. आणि ती भिंतीपलीकडेच, हातात पेचकस घेऊन.

इतक्यात व्हरांड्याच्या टोकाला नवे विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले, मागे मास्तर. आणि ही बाई झटकन टेबलाखाली गेली. आधी मला वाटलं काही पडलं. वाकून बघते तर ती तिथे अंग चोरून बसलेली, वायर हातात धरून, वायरीकडे न बघता. मास्तरांचे बूट तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले. ते लांब गेल्यावर ती बाहेर आली.

मी जमिनीवरच बसकण मारली. साडी गेली चुलीत. "त्यांना ओळखता?"

तिने पेचकस टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी त्यांचं सगळं काम घालवलं होतं. कित्येक वर्षांचं. दोन कळा एकदम दाबायच्या नव्हत्या, मी घाईत दाबल्या असणार. ते रडले होते. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा बघितला."

"मग?"

"मग काय? मी कॉलेज सोडलं. घरच्यांना वाटलं, प्रेमाची भानगड आहे. वाटू दिलं. हे त्याच्यापेक्षा वाईट होतं. मी यंत्रांचं शिकले ते पण त्याच्यासाठीच. ते नेमकं कशानं मोडलं असेल ते मला बघायचं होतं."

"आणि इथे कशाला येता, लपायचं असेल तर?"

"बघायला," ती म्हणाली. "त्यांचं परत सगळं उभं राहिलं का, ते."

माझ्याच्याने तिथे राहवेना. त्यांच्या नियमाप्रमाणे हे सांगायचा हक्क माझा नव्हता, नाहीतर मी तिथेच ओरडून सांगितलं असतं. मी नुसतं म्हटलं, "इथून हलू नका. हललात तर बघा," आणि धावले. सभागृहात मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. वक्त्याची वेळ संपल्याची घंटा कोणीतरी वाजवत होतं आणि वक्ता ऐकत नव्हता. मी मास्तरांच्या बाहीला धरून ओढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. इतका पांढरा माणूस मी फक्त चादरीखाली बघितलाय.

व्हरांड्यात ती टेबलाला टेकून उभी होती. या खेपेला ती खाली लपली नाही. मास्तर तिच्यापासून चार पावलांवर थांबले.

"बसा ना," ते म्हणाले.

बसायला तिथे काही नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. खटका, नाटक, मित्र, मदत. पाठ केलेलं असूनही वाक्यं मागेपुढे झाली, मधली गळली, डोळे भरून आले. ती हाताची घडी घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही त्या दिवशीही असेच रडवेले झाला होतात."

"म्हणजे?"

"म्हणजे, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगताय. तुम्ही चांगले आहात, मला माहितीये. पण मी त्या जातीची यंत्रं उघडलीत. दोन्ही कळा एकदम दाबल्या की आतलं जळू शकतं."

खरं सांगायला मास्तरांनी हयात घालवली, आणि खोटं इतकं छान बोलले होते की आता खऱ्याला कोणी उभं करेना.

मीच म्हटलं, "यंत्र आहे का अजून?"

होतं. वरच्या मजल्यावर, जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटात. जेवणाची सुट्टी झाली, सगळी गर्दी खाली, आणि आम्ही तिघं वर. खोलीत धुळीचा वास होता. एका भिंतीत ती काच, जिच्या मागे बसलेला माणूस आपल्याला दिसत नाही. मास्तरांनी यंत्र टेबलावर ठेवलं, पण ते चालू होईना. तिने न बोलता वायर बदलली, आत काहीतरी खरवडलं, आणि दिवे लागले. मास्तर म्हणाले, "तुम्ही काचेमागे बसा. वहिनी, तुम्ही खुर्चीत."

मला सगळं माहीत होतं. खटका कुठे आहे तेही माहीत होतं. मास्तर समोर बसून जुन्याच आवाजात म्हणाले, "दोन्ही कळा एकदम दाबू नका. माझं सगळं काम यात आहे." दिवा लागला, मी पिवळी दाबली. पुन्हा लागला, निळी. पिवळी, निळी, निळी. आणि ते किंचाळलं.

देवाशप्पथ सांगते, मी हात असे मागे घेतले जणू चटका बसला. दिवे गेले. मास्तरांनी डोकं धरलं. "गेलं," ते म्हणाले. "सगळं गेलं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भावोजी, मी नाही हो! मी एकेकच दाबत होते!" सगळं माहीत असूनही. समोरच्या काचेत मला फक्त मीच दिसत होते, आणि त्या माझ्यामागे ती बसलेली होती.

ती आतून बाहेर आली. टेबलाखाली वाकली, खटक्यावरून बोट फिरवलं, मग हाताने दाबला. यंत्र परत किंचाळलं. सोडला. पुन्हा दाबला. मग ती तिथेच, फरशीवर, टेबलाच्या पायाला पाठ लावून बसली.

"मी नव्हतं मोडलं," ती म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं. सुटली दोघंही. आता खाली जाऊन जेवावं.

पण तिचा चेहरा काही उजळेना. ती खटक्याकडे बघत होती.

"सर, मी जिन्यात थांबले होते," ती म्हणाली. "खालच्या वळणावर. बराच वेळ. मला वाटलं तुम्ही येऊन रागवाल. रागावलात तरी चाललं असतं. तुम्ही का नाही आलात?"

मास्तरांचे ओठ हलले, पण ते जे पाठ केलेलं होतं त्यात याचं उत्तर नव्हतं. मला मात्र माझ्या स्टुलावर बसून त्यांनी सांगितलेलं आठवत होतं, की उठेपर्यंत ती गेली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी उठलोच नाही," ते म्हणाले.

"का?"

"बाहेर बाकावर पुढचा माणूस बसला होता. मी तुमच्यामागे धावलो असतो तर त्याला संशय आला असता. त्याची माहिती वाया गेली असती."

खिडकीतून खालून ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"त्याला सांगितलंत? त्या पुढच्याला?"

"हो. शेवटी. नेहमीप्रमाणे."

"तो काय म्हणाला?"

"हसला. आणि गेला."

तिने मान हलवली. हळूहळू, दोनदा. "हे मात्र खरं आहे," ती म्हणाली. "हे पटतं मला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, मी मध्ये पडून काहीतरी वेडंवाकडं बोलून हसवलं असतं. हा आवाज त्याच्या पलीकडचा होता. मग ती म्हणाली, "परत सांगा."

मास्तर खुर्चीतून उतरले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. "बाहेर पुढचा माणूस बसला होता," त्यांनी सुरुवात केली. ती डोळे मिटून ऐकत होती, दुरुस्त झालेलं यंत्र बरोबर चालतंय का हे कान देऊन ऐकावं तसं. संपलं की पुन्हा, "परत." आणि ते परत. मी उठलो नाही. माणूस बसला होता. मी उठलो नाही.

खाली सुट्टी संपली होती. कर्ण्यावरून कोणीतरी मास्तरांचं भलंमोठं खरं नाव पदव्यांसकट पुकारत होतं, व्यासपीठाजवळ यावं, व्यासपीठाजवळ यावं. दोघांपैकी कोणी मान वळवली नाही. मी उठून खिडकी लावून घेतली.